पडक्या टांकसाळीत कोण राहतं? अवशेषांमधल्या रँडम एन्काउंटरचा तक्ता कसा लिहावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या रोलप्लेइंग गेममध्ये खेळाडूंच्या पात्रांचा गट एका जुन्या, पडक्या इमारतीत शिरणार आहे. तयार एन्काउंटर तक्ता, म्हणजे फासा टाकून अचानक कोणाशी गाठ पडते ते ठरवणारी यादी, वापरला की दर थोड्या वेळाने कुठून तरी राक्षस उगवतो, पाऊण तास लढाई चालते आणि गोष्ट होती तिथेच राहते. खोल्यांचंही तसंच, 'धूळ, कोळिष्टकं, मोडकं लाकूडसामान' यापुढे काही सुचत नाही. मग तक्ता ठेवावा की काढून टाकावा? आणि ठेवला तर कसा लिहावा?

तक्ता जरूर ठेवा, फक्त त्यात 'हल्ला कोण करतं' याची यादी लिहू नका. इथे कोण राहतं, त्याला काय हवंय आणि आत्ता या घडीला ते काय करतंय, हे लिहा. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीतूनच निघतं.

आधी हा फासा खेळात का आला ते बघू, कारण ते विसरल्यामुळेच बहुतेक तक्ते फसतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आलं. त्यात डंजनमधला, म्हणजे धोक्यांनी भरलेल्या भुयारातला, एक टर्न म्हणजे १० मिनिटं, आणि दर टर्नच्या शेवटी खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरने (जीएम) सहा बाजूंचा फासा टाकायचा. ६ पडले की भटकणारं कोणीतरी समोर आलंच. याच खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचात ही तपासणी दर दोन टर्नना एकदा झाली. तिथेच मशाल सहा टर्न, म्हणजे तासभर जळते आणि कंदिलाचं तेल २४ टर्न पुरतं. आता हिशेब करा. एका मशालीच्या उजेडात तीनदा फासा पडतो आणि त्यात निदान एकदा गाठ पडण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के. दुसरी मशाल पेटवलीत की ती ६६ टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणजे "ही भिंत ठोकून बघू का?" या प्रश्नाला किंमत आहे. हा फासा वेळेला किंमत लावण्यासाठी आला.

दुसरी गोष्ट गुणांची. त्या काळी अनुभवाचे गुण मुख्यतः खजिन्याचे मिळत, बाहेर आणलेल्या एका सोन्याच्या नाण्यामागे एक गुण. राक्षस मारून मिळणारे गुण त्या मानाने किरकोळ, आणि भटकणाऱ्याच्या अंगावर खजिना सहसा नसेच. म्हणजे भटकी गाठ हा निव्वळ तोटा. म्हणून खेळाडू लपायचे, पळायचे, बोलणी करायचे, अन्न फेकून वाट काढायचे. तुमच्या खेळात गुण फक्त मारण्याचे मिळत असतील तर तोच फासा बक्षीस ठरतो. खेळाडू गाठ टाळतील तरी का? तेव्हा तक्ता लिहायला बसण्याआधी आपल्या टेबलावर गुण कशाचे मिळतात ते बघा. अवशेषांच्या मोहिमेत ते शोधाचे, खजिन्याचे किंवा ठरलेलं काम पुरं केल्याचे द्या. एवढ्या एका बदलाने निम्मं दुखणं बरं होतं.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीवर खेळणाऱ्यांसाठी एक जास्तीची बाब. २०१४ च्या नियमांत साहसाच्या एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ गाठी गृहीत धरल्या आहेत. दिवसात एकच गाठ पडली तर जादूगार सगळे मंत्र तिथेच ओततो आणि गाठ पोकळ वाटते. यावर गाठी वाढवू नका, मुक्काम अवघड करा. आठ तासांची झोप अवशेषांच्या आत मिळत नाही, त्यासाठी बाहेर पडावं लागतं आणि बाहेर पडलं की आतली परिस्थिती बदलते, हे पहिल्याच सेशनला सांगून टाका.

आता तक्त्याकडे वळू. एक उदाहरण घेऊन बोलतो, नुसत्या तत्त्वांनी कोणाचा तक्ता लिहून होत नाही. समजा, एका संपलेल्या राज्याची टांकसाळ आहे. नदीकाठी दगडी इमारत, वर भट्ट्या, मधल्या मजल्यावर तोलाईच्या खोल्या, खाली तिजोरीखाना. पुढे नदीने पात्र बदललं आणि तळमजला पाण्याखाली गेला.

इथे कोणकोण राहतं? खोटी नाणी पाडणारी नऊ जणांची टोळी, कारण जुने ठसे अजून इथेच आहेत. तळमजल्याच्या पाण्यात वासराएवढ्या पाच घोरपडी. लोखंड वेचून विकणारी एक बाई आणि तिची दोन मुलं. टोळीच्या मागावर आलेले शेजारच्या राज्याचे चार हेर. आणि एक जुना पारखी, जो मेल्यावरही कामावर येतो, कारण त्याच्या शेवटच्या दिवशी नाण्यांचा एक गल्ला हिशेबात कमी भरला होता.

पाच नावं भरपूर झाली. महत्त्वाचं हे की ती एकमेकांत अडकलेली असली पाहिजेत. टोळीने भट्टी पेटवली की दगड तापतो आणि घोरपडी उबेला वर येतात. बाई भिंतीतलं लोखंड उपटते म्हणून भिंती ढासळतात आणि टोळी तिच्यावर चिडून आहे. हेरांना पारखी दिसला तर खऱ्या-खोट्या नाण्यांची पारख करून देणारा साक्षीदारच मिळतो. असे धागे असले की गट मध्ये कुठेही शिरला तरी काहीतरी हलतं. धागे नसतील तर तक्त्यात पन्नास ओळी लिहूनही उपयोग नाही.

तक्ता मी सहा बाजूंच्या दोन फाशांच्या बेरजेवर लिहितो. कारण साधं आहे. ७ ची बेरीज ३६ पैकी ६ प्रकारे येते, तर २ आणि १२ प्रत्येकी एकाच प्रकारे. म्हणजे रोजचं मधे आणि दुर्मिळ टोकांना, अशी मांडणी आपोआप होते.

२: नदी चढते. तासाभरात तळमजला पुरता बुडेल, मधल्या मजल्यावर घोट्याएवढं पाणी येईल.
३: पारखी, हातात तराजू. जवळचा धातू तोलायला मागतो.
४: हेरांपैकी दोघं, भिंतीला कान लावून.
५: टोळीतली दोन माणसं भांडताहेत, एकाला आज रात्रीच पळून जायचंय.
६: एक घोरपड, वाटेत आडवी पसरलेली, पोट भरलेलं.
७: टोळीतले तिघं, पाठीवर कोळशाची पोती.
८: घोरपडींची चाहूल. ओल्या फरशीवर शेपटीचा ओढलेला माग, कोपऱ्यात टाकलेली कात.
९: लोखंड वेचणारी बाई वर चढलेली, मुलं खाली पहाऱ्यावर.
१०: जवळच भिंतीचा तुकडा कोसळतो. आवाज सगळ्या मजल्यांवर जातो.
११: पुन्हा दोनदा फासे टाका. दोन्ही गाठी एकमेकांत अडकलेल्या.
१२: भट्टी पेटली. आता पुढचा तासभर सगळ्या घोरपडी वरच्या मजल्यावर.

हा तक्ता नीट वाचलात तर यात 'हल्ला' हा शब्द कुठेच नाही. पोट भरलेली घोरपड आडवी पडली आहे, तिला ओलांडायचं कसं हा गटाचा प्रश्न. पाठीवर पोती असलेल्या माणसाचे हात अडकलेले असतात, तलवार काढायला त्याला वेळ लागतो आणि पोती टाकून पळायला अजिबात लागत नाही. प्रत्येक ओळीत एक क्रियापद हवं. 'तीन लुटारू' ही ओळ अर्धवट, 'तीन लुटारू कोळसा वाहताहेत' म्हटलं की खेळ सुरू होतो.

११ च्या ओळीवर माझा विशेष जीव आहे. समजा ९ आणि ६ पडले. बाई वर चढलेली आहे, मुलं खाली, आणि अंधारातून घोरपड पुढे सरकते आहे. तिचं पोट भरलेलं आहे हे जीएमला माहीत आहे, मुलांना नाही. इथे गट काय करेल हे मला आधी सांगता येणार नाही, आणि त्यासाठीच तर आपण फासे टाकतो.

समोरचा कसा वागेल यासाठीही फासा आहे, आणि तो आज फार थोडे जण वापरतात. १९८१ च्या त्याच संचात प्रतिक्रियेचा तक्ता आहे, दोन फाशांची बेरीज. २ ला तडक हल्ला, ३ ते ५ शत्रुत्व, ६ ते ८ गोंधळलेलं किंवा ठरत नसलेलं, ९ ते ११ हल्ला नाही, १२ ला चक्क मैत्री. तडक हल्ल्याची शक्यता ३६ त एक. शत्रुत्व धरूनही ३६ पैकी १० च. म्हणजे बहुतेक गाठी बोलण्याने, थांबण्याने किंवा बाजूला होण्याने सुटू शकतात. तुमच्या नियमांत हा तक्ता नसला तरी उचला. त्याला धैर्याची तपासणी जोडा: टोळीतला पहिला माणूस पडला, किंवा अर्धे पडले, की बाकीचे टिकतात का ते फाशाने बघा. पोटासाठी खोटी नाणी पाडणारा माणूस शेवटच्या श्वासापर्यंत लढत नाही. लढाई पाऊण तासावरून दहा मिनिटांवर येते ती इथेच, आणि पळालेला माणूस पुढच्या ओळीत परत येतो.

अंतरही फाशाने काढा. जुन्या नियमांत डंजनमध्ये दोन फाशांची बेरीज गुणिले १० फूट. ९० फुटांवर हलणारा उजेड दिसला तर खेळाडूंना विचार करायला वेळ मिळतो. दार उघडताच समोर उभं, असं दर वेळी केलंत तर लढण्याशिवाय पर्यायच उरत नाही, आणि मग खेळाडू नुसते लढतात अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

आता ठिकाणांकडे. अवशेष आणि साधं डंजन यात फरक असा की अवशेषाला तीन काळ असतात. ते कशासाठी बांधलं, कशाने पडलं आणि आता कोण वापरतं. खोली सुचत नसेल तेव्हा या तीन प्रश्नांचे सहा-सहा ओळींचे तीन छोटे तक्ते करा. २१६ जोड्या होतात, पण त्या आकड्याच्या मोहात पडू नका. खरं काम जोडी पडल्यानंतर सुरू होतं.

मधल्या काळाकडे, म्हणजे पडझडीकडे, सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. इमारत कशीही पडत नाही. तिला क्रम असतो. आधी छप्पर जातं, कारण लाकडी तुळया कुजतात. मग पाणी भिंतीच्या गाभ्यात शिरतं. आतलं लोखंड गंजताना फुगतं आणि दगड आतून फोडतं. फटीत झाड रुजतं. कंबोडियातल्या ता प्रोम मंदिरात मुळांनी भिंती फोडल्या आहेत आणि काही ठिकाणी आता त्याच मुळांनी भिंती धरून ठेवल्या आहेत. तुमच्या अवशेषात असं एक मूळ ठेवा आणि ते कापल्याशिवाय पलीकडे जाता येणार नाही असं करा, खेळाडू अर्धा तास त्यावर खल करतील. गाळ साचून जमीन वर येते. मग जुन्या दाराचा वरचा हातभर भागच उघडा राहतो, आत सरपटत जावं लागतं, आणि वरच्या मजल्याची खिडकी हीच येण्याजाण्याची वाट होते. चिलखत घातलेल्या पात्राला हे लगेच जाणवतं.

आणि माणसं. पडलेल्या इमारतीचा सगळ्यात मोठा शत्रू सहसा शेजारचा माणूस असतो, कारण घडवलेला दगड आणि धातू फुकट मिळतो. रोमच्या कोलोसियमवर जागोजागी दिसणारी भोकं ही दगड जखडणारे लोखंडी आकडे मध्ययुगात उपटून नेल्याची आहेत. टांकसाळीतली लोखंड वेचणारी बाई मी तिथूनच उचलली. फ्रान्समधल्या आर्लचं रोमन अँफिथिएटर तर आख्खी वस्ती झालं होतं. बाहेरच्या भिंतीची तटबंदी, आत २०० हून जास्त घरं आणि दोन चॅपेलं, ती घरं एकोणिसाव्या शतकात हलवली गेली. तेव्हा 'हजार वर्षांत इथे कोणी पाऊल टाकलेलं नाही' हे वाक्य जपून वापरा. बहुतेक अवशेषांत कोणी ना कोणी राहून गेलेलं असतं आणि त्यांच्या चुली, भिंती, खुणा, बुजवलेली दारं हाच तुमचा मसाला.

एक खोली जवळून बघू. तीन तक्त्यांतून पडलं: तोलाईची खोली, पाणी शिरलेलं, लपवाछपवीसाठी वापर. आता वाचून दाखवायचं वर्णन असं:

"खोलीच्या मधोमध दगडी ओटा आहे. त्यावर तराजूच्या खांबाचा बुंधा, वरचं सगळं गेलंय. भिंतीवर छातीच्या उंचीला मातकट रेघ आहे, तिच्या खाली शेवाळ, वर कोरडं. छताच्या एकमेव शाबूत तुळईला एक पोतं टांगलंय. दोर नवा आहे."

चार-पाच वाक्यं, त्यातलं प्रत्येक खेळाडूला काहीतरी करायला लावणारं. रेघ सांगते की पाणी कुठवर येतं (२ ची ओळ पडली तर इथे थांबायचं नाही). नवा दोर सांगतो की कोणीतरी परत येणार आहे. पोत्यात काय आहे? टोळीतल्या पळून जाऊ पाहणाऱ्या माणसाने बाजूला काढलेली चाळीस नाणी, त्यातली तीन खरी. पारख्याचा हिशेब नेमका तीनच नाण्यांनी अडलेला आहे. धूळ आणि कोळिष्टकांचा उल्लेखही करावा लागला नाही. वर्णनात 'भयाण', 'गूढ', 'प्राचीन' ही विशेषणं आली की थांबा आणि त्या जागी एक वस्तू ठेवा.

रिकाम्या खोल्यांची भीती बाळगू नका. १९८१ च्या नियमांत खोली भरायचा फासा आहे: ६ पैकी २ ला राक्षस, एकाला सापळा, एकाला विशेष काहीतरी आणि उरलेल्या २ ला रिकामी. एक तृतीयांश खोल्या मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या आहेत. पळायला, लपायला, दार अडवून श्वास घ्यायला जागा लागते. चाहूल लागते तीही रिकाम्या खोलीतच. प्रत्येक खोलीत काहीतरी ठासलं की भटक्या गाठीला जागाच उरत नाही.

नकाशात वळसे ठेवा. भट्टीकडे जायला जिना आहे, धुराडं आहे आणि ढासळलेल्या जमिनीतून चढून जाण्याची वाटही आहे, अशा निदान तीन वाटा. एकामागोमाग एक खोल्यांची रांग असेल तर घोरपड टाळायची म्हटलं तरी टाळता येत नाही, आणि मग वर सांगितलेलं सगळं वाया जातं. अवशेषांत हे सोपं आहे, कारण पडझड स्वतःच नव्या वाटा करते.

खेळताना दोन-तीन गोष्टी पाळा. फासा सगळ्यांसमोर टाका. जीएमने पडद्याआड टाकला तर गाठ म्हणजे जीएमची लहर वाटते. उघड्यावर टाकला की खेळाडू स्वतःच म्हणतात, "चला, निघू या." आवाज झाला तर लगेच एक जादा फासा. वेळेच्या तपासणीचा फासा टाकताना नुसते एकाच आकड्यावर थांबू नका: १ पडला तर गाठ, २ पडला तर त्याच ओळीची फक्त चाहूल. तक्त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे चाहुलीचे चार शब्द आधीच लिहून ठेवा. टोळीची चाहूल म्हणजे फरशीवर सांडलेला कोळसा, पारख्याची म्हणजे बंद दारामागे नाणं दगडावर वाजवून बघितल्याचा खणखणाट. चाहूल आधी आणि गाठ नंतर आली की तीच गाठ दुप्पट चढते. फाशावर विचार करायला वेळ लागत असेल तर सेशनआधीच पाच-सहा गाठी टाकून क्रमाने लिहून ठेवा, त्यात काही गैर नाही. मात्र पडलेली गाठ गैरसोयीची आहे म्हणून मोडून टाकू नका. आधी मिनिटभर विचार करा की हे इथे आत्ता का असेल. उत्तर सापडतं, आणि बहुधा ते आपण ठरवून लिहिलं असतं त्यापेक्षा सरस असतं.

भटकणाऱ्यांच्या खिशात सोनं कमी आणि माहिती जास्त ठेवा. बाईला कुठली भिंत पोकळ आहे ते माहीत आहे. पळू पाहणाऱ्याकडे तिजोरीखान्याची किल्ली आहे, पण कुलूप पाण्याखाली आहे हे त्याला ठाऊक नाही.

शेवटचं, माणसं मोजून ठेवा. टोळी नऊ जणांची आहे. तिघं पडले की सहा उरले, आणि ७ च्या ओळीत आता तिघांऐवजी दोघं, हातात पोती नव्हे तर धनुष्य. पाचही घोरपडी मेल्या तर ६ आणि ८ च्या ओळी खोडा आणि विचार करा की पाण्यातली ती जागा कोण घेईल. गट आठवडाभराने परतणार असेल तर प्रत्येक रहिवाशासाठी एक फासा टाका: १-२ ला त्यांचं बिनसलं, ३-४ ला जैसे थे, ५-६ ला त्यांचं काम पुढे सरकलं. टोळीला ५ पडले तर दुसरी भट्टी पेटली. बाईला १ पडला तर ती ज्या भिंतीवर चढत होती ती भिंत आता उभी नाही, आणि मुलं गटाला दाराशीच भेटतील.